सिरियल पोर्टवरील अक्षरलोप आणि युनिक्स-परंपरा

संगणकाच्या सिरियल पोर्टवरून येणाऱ्या मजकुरातील काही अक्षरे मधूनच नाहीशी होतात, ही तक्रार युनिक्स आणि तिच्या वळणावर रचलेल्या कार्यप्रणाली ह्यांच्या इतिहासात आरंभापासून आढळते. तक्रारीचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. तार शाबूत असते, दोन्ही टोकांचा वेग सारखा ठेवलेला असतो, पाठविणाऱ्याने सर्व अक्षरे पाठविल्याची खात्री असते. आणि तरीही घेणाऱ्याच्या हाती आलेल्या ओळीत एखादे अक्षर कमी भरते. प्रयोगशाळेतील उपकरणाने पाठविलेल्या १२०४ ह्या आकड्यातील शून्य गळले तर हाती १२४ उरते, आणि हा चुकीचा आकडा मूळच्या आकड्याइतकाच निर्दोष दिसतो. अक्षर बिघडले तर ते निदान डोळ्यांत भरते. अक्षर लोपले तर त्याची जागाही मागे राहत नाही. ह्या दोषाचे गांभीर्य ह्यातच आहे.

त्याविषयी रूढ असलेली समजूत अशी की, जुन्या यंत्रांची गती मंद होती म्हणून अक्षरे गळत. पुढे यंत्रे वेगवान झाली, सोळा अक्षरे साठविणारी चिप आली, आणि प्रश्न निकालात निघाला. प्रस्तुत लेखात ह्या समजुतीची छाननी करावयाची आहे. उपलब्ध ड्रायव्हरांची रचना, त्यांच्या पुस्तिका आणि चिपांची वैशिष्ट्ये एकत्र ठेवून पाहिली असता निराळेच चित्र दिसते. अक्षरलोपाचे कारण यंत्राची मंदगती हे क्वचितच होते. योग्य क्षणी लक्ष न दिले जाणे हे ते कारण होते. साठा वाढविण्याच्या प्रत्येक उपायाने लोप थांबण्याऐवजी बहुधा त्याचे ठिकाण बदलले. आणि ह्या परंपरेतील खरी प्रगती लोप टाळण्यात जितकी झाली, त्याहून अधिक लोपाची कबुली देण्यात झाली.

१. तारयंत्राचा वारसा

सिरियल पोर्ट ही संगणकाने तारायंत्राकडून घेतलेली उसनवारी आहे. एमिल बोदो ह्या फ्रेंच तारतज्ज्ञाने १८७४ साली पाच एककांच्या संकेताचे एकस्व घेतले. त्याच्याच नावावरून वेगाच्या मापाला ‘बॉड’ हे नाव पडले. एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवावयाचे, प्रत्येक अक्षरापूर्वी आरंभाचा एक बिट व अक्षरानंतर विरामाचा बिट द्यावयाचा, ही पद्धत टेलिप्रिंटरांत रूढ झाली आणि तेथून ती जशीच्या तशी संगणकाकडे आली. युनिक्समध्ये टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात, ते टेलेटाइप ह्या यंत्रनामाचेच संक्षिप्त रूप होय.

ह्या वारशातील एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे. दोन टेलिप्रिंटरांमध्ये ‘तू तयार आहेस काय?’ असे विचारण्याची सोय नव्हती, कारण तिची गरज नव्हती. पाठविणारे व छापणारे यंत्र एकाच गतीने फिरत. त्यांच्यातील करार दंतचक्रांत कोरलेला होता. १९६३ साली आलेले टेलेटाइप ३३ हे यंत्र सेकंदाला ११० बिट घेत असे. दर अक्षरास ११ बिट लागत असल्याने सेकंदाला १० अक्षरे येत, आणि तितकीच ते छापू शके. अपवाद एकच होता. ओळ संपल्यावर छपाईचा गाडा डावीकडे परत येण्यास एका अक्षराहून अधिक वेळ लागे, आणि त्या अवधीत आलेले अक्षर भलत्याच जागी उमटे. म्हणून ‘गाडा मागे’ व ‘ओळ खाली’ असे दोन संकेत ओळीने पाठवीत. दुसरा संकेत पोहोचेपर्यंत पहिल्याला वेळ मिळे. युनिक्सच्या आरंभीच्या टर्मिनल-ड्रायव्हरात ओळीनंतर ठराविक काळ थांबण्याची जी तरतूद आढळते, तिचे मूळ येथे आहे. प्रवाहनियंत्रणाचा हा सर्वांत जुना प्रकार म्हणता येईल: समोरच्याला विचारावयाचे नाही, अंदाजाने थांबावयाचे.

थांबण्याची खूण देणारे दोन मार्ग पुढे उपयोगात आले, परंतु दोहोंचा मूळ हेतू वेगळा होता. १९६३ च्या अ‍ॅस्की संकेतावलीत उपकरण-नियंत्रणासाठी चार संकेत राखून ठेवले होते. त्यांपैकी १७ व १९ ह्या क्रमांकांचे संकेत टेलेटाइपवरील कागदी फितीचा वाचक सुरू व बंद करण्यासाठी वापरीत. हेच पुढे एक्स-ऑन व एक्स-ऑफ झाले. दुसरा मार्ग १९६० च्या आरएस-२३२ ह्या मानकातील तारांचा. त्यातील आरटीएस व सीटीएस ह्या दोन तारा मोडेमकडे प्रक्षेपणाची परवानगी मागण्यासाठी व ती मिळविण्यासाठी होत्या. ‘माझा साठा भरला आहे, थांब’ असा त्यांचा अर्थ नव्हता. तो अर्थ व्यवहारात मागाहून चिकटला. थोडक्यात, सिरियल तारेच्या मूळ कल्पनेत घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारच नव्हता. पुढील सर्व अडचणी ह्या एका उणिवेतून निघाल्या.

२. युनिक्सची पहिली व्यवस्था

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी १९६९ पासून घडविलेली युनिक्स लवकरच पीडीपी-११ ह्या यंत्रावर स्थिरावली. तिच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीची संहिता तपशिलाने अभ्यासता येते, कारण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स ह्यांनी तिच्यावर विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले भाष्य प्रसिद्ध आहे.

ह्या व्यवस्थेत अक्षर आले की उपकरण इंटरप्ट देई, म्हणजे प्रक्रियकाला चालू काम सोडून आपल्याकडे पाहण्याची हाक देई. ड्रायव्हर ते अक्षर उचलून एका रांगेत ठेवी. रांग छोट्या छोट्या तुकड्यांची बनलेली असे. प्रत्येक तुकड्यात सहा अक्षरे मावत, आणि असे शंभर तुकडे सर्व टर्मिनलांत सामाईक असत. म्हणजे सगळ्या टर्मिनलांचे येणारे व जाणारे मिळून सहाशे अक्षरे, एवढाच एकूण साठा होता. एकाच टर्मिनलने तो सारा गिळू नये म्हणून २५६ अक्षरांची मर्यादा घातली होती. ह्या मर्यादेच्या नावात इंग्रजीतील अधाशी डुकराचा शब्द योजिला आहे, त्यावरून रचनाकारांची दृष्टी कळते.

मर्यादा ओलांडली तर काय होई, हे ह्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जास्तीचे अक्षर टाकून दिले जाई असे वाटण्याचा संभव आहे. परंतु संहिता तसे सांगत नाही. कच्च्या रांगेत २५६ अक्षरे साचलेली असता आणखी एक आले, तर त्या टर्मिनलच्या सर्व रांगा रिकाम्या केल्या जात. साचलेली अक्षरे जात, नवे अक्षर जाई, आणि पडद्यावर वा कागदावर जाण्याची वाट पाहत असलेली अक्षरेही जात. हे सारे निःशब्दपणे घडे. कोठेही नोंद नव्हती, संदेश नव्हता. सामाईक तुकडे संपले तर अक्षर रांगेत न शिरताच नाहीसे होई, आणि ते शिरले की नाही हे ड्रायव्हर पाहतही नसे.

ह्यास निष्काळजीपणा म्हणणे न्याय्य होणार नाही. रचनाकारांच्या डोळ्यांसमोर कळफलकाशी बसलेला माणूस होता. माणूस ओळ न संपविता २५६ अक्षरे टंकित करीत नाही. आणि केलीच, तर आपले टंकित मुकाट्याने गेले हे त्याच्या लक्षात येते व तो ते पुन्हा लिहितो. लोपाचा शोध लावण्याचे काम अशा रीतीने माणसाकडे होते. तारेच्या दुसऱ्या टोकाशी माणसाऐवजी यंत्र आले तेव्हा ही व्यवस्था उघडी पडली. यंत्र आपल्या लेखनाकडे पाहत नाही.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत ह्या बदलाची दखल घेतलेली दिसते. तीत थांबण्याचे व चालू करण्याचे संकेत वापरकर्त्याला ठरविता येऊ लागले. शिवाय ‘टँडेम’ नावाची एक रीत आली. रांग भरत आली की प्रणाली स्वतः एक्स-ऑफ पाठवी, आणि रांग ओसरली की एक्स-ऑन. घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार युनिक्सने असा मिळवून दिला. मात्र त्याची किंमत होती. संकेत अक्षरांच्याच प्रवाहात मिसळून जात असल्याने, मजकुरात स्वाभाविकपणे आलेला १९ क्रमांकाचा बाइट ‘थांबा’ म्हणून वाचला जाई. त्यामुळे शुद्ध मजकुराशिवाय अन्य माहिती ह्या रीतीने पाठविणे धोक्याचे होते. शिवाय एक्स-ऑफ पोहोचेपर्यंत वाटेत असलेली अक्षरे येतच राहत, आणि त्यांच्यासाठी जागा राखून ठेवावी लागे.

नंतरच्या प्रणालींत हा विषय आणखी स्पष्ट झाला. टर्मिनलच्या गुणधर्मांत ‘आयमॅक्सबेल’ नावाचा एक पर्याय आला. तो चालू असता रांग भरल्यावर घंटा वाजते, नवी अक्षरे घेतली जात नाहीत, परंतु आधीची सुरक्षित राहतात. तो बंद असता घंटा वाजत नाही आणि सारी रांग टाकून दिली जाते. सहाव्या आवृत्तीचे मौन आणि नंतरची कबुली ही दोन्ही एकाच कळीच्या दोन बाजूंना शेजारी शेजारी नांदताना येथे दिसतात.

३. कणगी आणि तिची मर्यादा

एका यंत्राला अनेक टर्मिनले जोडावयाची झाली, तेव्हा दर अक्षरागणिक इंटरप्ट देणे परवडेना. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या डीएच-११ ह्या सोळा तारांच्या व डीझेड-११ ह्या आठ तारांच्या जोडणीत येणाऱ्या अक्षरांसाठी ६४ घरांचा साठा होता. त्याला ‘सायलो’ म्हणत. शब्दशः धान्याची कणगी. वरून धान्य पडते, खालून काढून घेतले जाते. प्रक्रियकाला दर दाण्यासाठी धावावे लागत नाही.

परंतु ही कणगी सर्व तारांना सामाईक होती. आठही तारांवर ९६०० बॉडने अखंड मजकूर येत असेल, तर दर सेकंदास ७६८० अक्षरे येतात आणि ६४ घरे सुमारे आठ मिलिसेकंदांत भरतात. त्या अवधीत प्रक्रियक अधिक अग्रक्रमाच्या कामात, विशेषतः डिस्कच्या सेवेत, गुंतलेला असेल, तर पुढची अक्षरे बाहेर सांडतात. येथे प्रक्रियकाची सरासरी गती गैरलागू ठरते. दिवसभरात त्याच्याकडे विपुल वेळ मोकळा असला, तरी तो वेळ त्या आठ मिलिसेकंदांत मोकळा नव्हता, एवढेच महत्त्वाचे.

बर्कली येथील विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या शाखेने ह्या ठिकाणी एक साधे पण दूरगामी पाऊल उचलले. कणगी ओसंडली असे उपकरणाने कळविले, तर ड्रायव्हर ‘सायलो ओव्हरफ्लो’ असा संदेश छापू लागला. ह्या संदेशाने एकही अक्षर वाचत नव्हते. परंतु वापरकर्त्याचा तारेवरील व्यर्थ संशय त्याने थांबविला.

४. एका अक्षराचे घर

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या सिरियल जोडणीत ८२५० ही चिप होती, आणि १९८४ च्या एटी यंत्रात १६४५० ही तिची सुधारलेली भगिनी. मोठ्या यंत्रांवर कणगी नांदत असताना ह्या लहान यंत्रांत मात्र आलेले अक्षर ठेवावयास एकच घर होते. पुढचे अक्षर पूर्ण येण्याच्या आत आधीचे उचलले नाही, तर ते पुसले जाऊन नवे त्याच्या जागी बसे. ९६०० बॉडला ह्या कामासाठी सुमारे एक मिलिसेकंद मिळतो. १,१५,२०० बॉडला केवळ ८७ मायक्रोसेकंद.

ह्या चिपांच्या स्थितिदर्शक रजिस्टरात लोपासाठी एक बिट राखलेला असतो, त्याला ‘ओव्हररन’ म्हणतात. त्याचे दोन विशेष दोषशोधकांना नेहमी अडचणीत टाकीत आले आहेत. एक, रजिस्टर वाचताच तो बिट पुसला जातो. ड्रायव्हराने वाचून दुर्लक्ष केले, तर पुरावा कायमचा गेला. दोन, एका बिटाला मोजता येत नाही. ‘निदान एक अक्षर गेले’ एवढेच तो सांगतो. एक गेले की अनेक, हे सांगू शकत नाही. म्हणून प्रणालीच्या नोंदीतील ओव्हररनची संख्या आणि खरोखर गेलेल्या अक्षरांची संख्या ह्या दोन गोष्टी एक मानता येत नाहीत.

नॅशनल सेमिकंडक्टरच्या १६५५० ह्या चिपेने सोळा घरांची रांग आणली. पहिल्या स्वरूपात ती रांग भरवशाची नव्हती. १६५५०ए ह्या दुरुस्त स्वरूपात ती वापरण्याजोगी झाली. लिनक्सचा ड्रायव्हर ह्या दोहोंत भेद करतो आणि मूळ १६५५० आढळल्यास तिची रांग वापरीतच नाही. रांगेत किती अक्षरे जमल्यावर इंटरप्ट द्यावयाचा, हे १, ४, ८ व १४ ह्या चार टप्प्यांतून निवडता येते. चौदाचा टप्पा निवडला तर इंटरप्ट कमी होतात, परंतु उरलेला अवकाश दोनतीन अक्षरांचा, म्हणजे १,१५,२०० बॉडला सुमारे पाव मिलिसेकंदाचा राहतो. आठाचा टप्पा घेतला तर तो पाऊण मिलिसेकंदाच्या आसपास जातो. ज्या यंत्रावर चिप सर्वोत्तम असूनही अक्षरे गळतात, तेथे टप्पा खाली आणताच तक्रार थांबावी, ह्याचे कारण हेच होय.

रांग आल्याने लोपाची जातही बदलली. ८२५० मध्ये जुने अक्षर जाई व नवे टिके. १६५५०ए मध्ये रांगेतील जुनी अक्षरे टिकतात आणि दाराशी आलेले नवे जाते. गळालेल्या मजकुराकडे पाहून चिपेविषयी तर्क करणाऱ्याला हा भेद माहीत असणे अगत्याचे आहे.

नव्वदीच्या दशकात ह्या प्रश्नाला एकदम धार आली, ती मोडेममुळे. १९९१ च्या व्ही.३२बिस मानकाने टेलिफोनवरील वेग १४,४०० पर्यंत आणि १९९४ च्या व्ही.३४ ने २८,८०० पर्यंत नेला. त्यातच मोडेम मजकूर दाबून पाठवू लागले, आणि दाबलेला मजकूर उलगडून संगणकाकडे येताना तारेवरील वेग ५७,६०० किंवा १,१५,२०० ठेवावा लागे. नेमक्या ह्याच काळात युनिक्सच्या वळणाच्या प्रणाली सामान्यांच्या यंत्रांवर आल्या.

५. डिस्क, तार आणि तीन संदेश

लिनसने स्वतः सांगितल्याप्रमाणे, लिनक्सचा उगम एका टर्मिनल-कार्यक्रमात आहे. हेलसिंकी विद्यापीठाच्या यंत्राशी मोडेमवरून बोलण्यासाठी त्याने १९९१ मध्ये तो लिहिला. त्यात दोन धागे होते: एक कळफलकाकडून मोडेमकडे, दुसरा मोडेमकडून पडद्याकडे. सिरियल तारेवरील लक्ष वेळेवर वाटून देणे, हा प्रश्न ह्या प्रणालीच्या जन्मापाशीच उभा होता.

तथापि त्या काळच्या लिनक्सवरील अक्षरलोपाचे एक प्रमुख कारण सिरियल ड्रायव्हरात नव्हतेच. ते डिस्कच्या ड्रायव्हरात होते. आयडीई डिस्कवरून माहिती घेताना प्रक्रियक स्वतः एकेक शब्द उचलीत असे, आणि सावधगिरी म्हणून तोवर इतर इंटरप्ट बंद ठेवीत असे. सोळा सेक्टर एकदम घ्यावयाचे म्हटल्यास ते ८१९२ बाइट होतात. ह्या पद्धतीच्या सर्वांत खालच्या मोडचा कमाल वेग सेकंदाला ३.३ मेगाबाइट धरला, तर त्यास सुमारे अडीच मिलिसेकंद लागतात. १,१५,२०० बॉडला सोळा घरांची पूर्ण रिकामी रांगसुद्धा १.४ मिलिसेकंदांत भरते. म्हणजे १६५५०ए असूनही लोप अटळ होता. डिस्कचा दिवा लुकलुकला की मजकूर तुटतो, हा वापरकर्त्यांचा अनुभव निव्वळ योगायोग नव्हता.

ह्यावर ‘एचडीपार्म’ ह्या साधनातील एक पर्याय उपायादाखल होता. त्याने डिस्कच्या कामात इतर इंटरप्ट चालू ठेवता येत. परंतु त्याच साधनाच्या पुस्तिकेत इशारा होता की, सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० ह्या सदोष नियंत्रक चिपांवर जुन्या लिनक्सखाली हा पर्याय भरवशाचा नाही. तारेवरील एक अक्षर वाचविण्यासाठी डिस्कवरील माहिती धोक्यात घालावयाची की नाही, असा हा पेच होता. इंटरप्ट बंद ठेवण्याची मूळ सावधगिरी निराधार नव्हती, हे त्यावरून स्पष्ट होते. प्रणालीने दोन हानींपैकी एक निवडली होती. आणि फितीवरील वा मोडेमवरील मजकूर पुन्हा मागविता येतो, डिस्कवरील येत नाही, असा त्या निवडीचा हिशेब होता.

फ्रीबीएसडीने वेगळी वाट धरली. ब्रूस एव्हान्स ह्यांच्या कामामुळे नावारूपास आलेल्या तिच्या ‘एसआयओ’ ड्रायव्हरात सिरियल इंटरप्टला असा विशेष मार्ग दिला होता की, इतर ड्रायव्हरांनी आपापले इंटरप्ट अडविलेले असतानाही तो चाले. अक्षर तत्काळ एका मधल्या बफरात टाके आणि बाकीचे काम मागाहून होई. परंतु ह्या ड्रायव्हराचे खरे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या तीन संदेशांत आहे. ‘सायलो ओव्हरफ्लो’ म्हणजे चिपेतील रांग ओसंडली, दोष इंटरप्ट-हाताळणीत. ‘इंटरप्ट-पातळीवरील बफर ओसंडला’ म्हणजे अक्षर चिपेतून निघाले, पण ड्रायव्हराच्या खालच्या अर्ध्याने ते पुढे नेले नाही. ‘टीटीवाय-पातळीवरील बफर ओसंडला’ म्हणजे प्रणालीने आपले काम केले, पण वाचणाऱ्या कार्यक्रमाने विलंब लावला. पुस्तिकेत तिन्ही संदेशांपुढे दोषी कोण हे नमूद केलेले होते. तक्रार करणाऱ्याला आपण कोणत्या दाराशी जावयाचे, हे त्यातून कळे. लिनक्सनेही पुढे प्रत्येक पोर्टचे मोजमाप उघड केले. त्यात चिपेतील ओव्हररन आणि बफरातील ओव्हररन ह्यांचे हिशेब निरनिराळे ठेवलेले आहेत.

येथे एका उणिवेचा उल्लेख केला पाहिजे. १९८८ च्या पॉसिक्स मानकाने टर्मिनलविषयक व्यवहार एका सूत्रात आणला. परंतु आरटीएस व सीटीएस तारांनी प्रवाह थांबविण्याची सोय त्यात घेतली नाही. बर्कली-शाखेत व लिनक्समध्ये ती ‘सीआरटीएससीटीएस’ ह्या नावाने आहे, ती मानकाबाहेरची भर म्हणून. परिणामी काटेकोरपणे मानकाला धरून लिहिलेल्या कार्यक्रमाला सर्वांत विश्वसनीय उपाय उपलब्धच होत नसे.

६. लोपाचे विलंबात रूपांतर

तारेवर विसंबून न राहता तिच्यावरच्या थरात लोप भरून काढावयाचा, हा विचारही युनिक्स-परंपरेत जुना आहे. माइक लेस्क ह्यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या व सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झालेल्या यूयूसीपी ह्या व्यवस्थेत ग्रेग चेसन ह्यांचा ‘जी’ प्रोटोकॉल होता. तो मजकुराचे ६४ बाइटांचे गठ्ठे करी, प्रत्येकाची पडताळणी-बेरीज जोडी, आणि चुकलेला गठ्ठा पुन्हा मागवी. कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली निघालेल्या कर्मिटने आणखी पुढे जाऊन नियंत्रणाचे सर्व संकेत साध्या छापील अक्षरांत बदलून पाठविले. मजकुरातील बाइट ‘थांबा’ म्हणून वाचला जाण्याचे भय त्यामुळे उरले नाही. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेट योजनेत मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था व पवई येथील आयआयटी सहभागी होत्या. तेथील आरंभीचे टपालही टेलिफोनवरून यूयूसीपीनेच जात असे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मुंबईकरांच्या घरी ते मोडेम आणि सिरियल पोर्ट ह्याच वाटेने आले.

ह्या उपायाने मजकूर अचूक झाला, परंतु दोषशोध अधिक कठीण झाला. लोपलेले अक्षर आता लोप म्हणून दिसेना. ते दिरंगाई म्हणून दिसू लागले. टीसीपीच्या बाबतीत तर एक विपर्यास घडला. १९८८ पासून टीसीपी हरवलेल्या गठ्ठ्याचा अर्थ ‘जाळ्यात गर्दी झाली’ असा लावून आपला वेग उतरविते. अशा स्थितीत स्वतःच्या टेबलावरील चिपेत गळलेले एक अक्षर दूरच्या जाळ्यातील गर्दीचे सोंग घेते, आणि वापरकर्ता टेलिफोन खात्याला दोष देतो. १९९० साली आलेल्या शीर्षक-संक्षेपाच्या पद्धतीने तर एका गठ्ठ्याच्या लोपाचा परिणाम मागून येणाऱ्या गठ्ठ्यांवरही होई. अचूकतेची हमी मिळताच लोप पुन्हा निःशब्द झाला, असा हा विरोधाभास आहे. म्हणूनच जाणत्या तंत्रज्ञांनी मंद जोडणीची चौकशी करताना प्रथम पोर्टवरील ओव्हररनची मोजणी पाहण्याचा परिपाठ ठेवला.

७. समारोप

वरील विवेचनावरून रूढ समजुतीचा एक भाग मान्य करावा लागतो. सोळा घरांच्या रांगेने लोप पुष्कळ कमी केला, आणि डिस्कची माहिती प्रक्रियकाच्या मदतीवाचून स्मृतीत जाऊ लागल्यावर तो आणखी कमी झाला. परंतु प्रश्न मिटला, हे म्हणणे टिकत नाही. फ्रीबीएसडीच्या २००९ मधील आठव्या आवृत्तीत एसआयओ ड्रायव्हराची जागा ‘यूआर्ट’ ह्या नव्या ड्रायव्हराने घेतली. पोर्टही बहुतेक घरगुती यंत्रांवरून नाहीसे झाले. परंतु सिरियल तार यूएसबी-जोडण्यांतून, उपग्रह-स्थाननिश्चितीच्या उपकरणांतून आणि लहान संगणकांतून टिकून आहे. रास्पबेरी पायवरील ‘मिनी यूआर्ट’मध्ये आठच घरांची रांग आहे, आणि तिचा वेग मुख्य घड्याळाशी बांधलेला असल्याने घड्याळ बदलले की अक्षरे बिघडतात. पन्नास वर्षांनंतर घरांची संख्या चौसष्टावरून आठावर आलेली पाहून, साठ्याच्या वाढीलाच प्रगती मानणाऱ्याने विचारात पडावे.

ह्या इतिहासातून दोषशोधाचा जो क्रम सिद्ध झाला, तो मात्र जुना झालेला नाही. अक्षर तारेपासून कार्यक्रमापर्यंत येताना चिप, ड्रायव्हराचा बफर, टर्मिनलची रांग व वाचणारा कार्यक्रम अशा चार हातांतून जाते. प्रत्येक हात भरू शकतो, आणि भरला म्हणजे गळतो. म्हणून साठा वाढविण्यापूर्वी कोणता हात गळतो हे पाहावे. वेग कमी करून दोष थांबतो काय, डिस्कच्या कामाशी तो जुळतो काय, मोजणी कोणत्या पातळीवर वाढते, ह्यांची उत्तरे घ्यावीत. आणि मगच उपाय निवडावा. खालचा हात रिकामा करून वरच्या हाताकडे दिलेली अक्षरे तेथे गळली, तर दोष दूर झाला असे होत नाही; तो केवळ दिसेनासा होतो.

सहाव्या आवृत्तीने २५६ अक्षरे मुकाट्याने टाकली, तेव्हा समोर बसलेला माणूस ती पुन्हा लिहू शकत होता. आज त्या जागी बहुधा यंत्र आहे. म्हणूनच बर्कलीच्या ड्रायव्हराने छापलेला तो छोटासा संदेश ह्या परंपरेत चिपेइतकाच मोलाचा मानला पाहिजे. अक्षर वाचविणे प्रत्येक वेळी प्रणालीच्या हाती नसते. ते गेले हे सांगणे मात्र नेहमीच तिच्या हाती असते.